जयपूरचे चौगान

बर्फावरची हॉकी पाहायची तर कडाक्याच्या थंडीत लेहला जावे. तिथे गोठलेल्या कारझू तळ्यावर मुले स्केट्स बांधून उतरतात. जयपुरात बर्फ दिसतो तो सरबताच्या पेल्यात! काठी-चेंडूचे वेड मात्र इथेही जुनेच, फक्त घोड्यावरचे. जुन्या शहरातल्या मैदानाचे नावच 'चौगान', म्हणजे पोलो.

महाराजा सवाई मानसिंग दुसरे यांच्या संघाने १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९७० मध्ये तिथेच, सायरन्सेस्टरला, पोलो खेळताना ते कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत.

त्यांच्या रामबाग राजवाड्यात आता हॉटेल आहे. जवळच्या मैदानावर हिवाळ्यात अजूनही टापा घुमतात. एक 'चक्कर' जेमतेम सात मिनिटांची. ती संपली की दमलेला घोडा बदलतात. स्वार तोच!