पाण्यात राहिलेली बाई

रामनगर, वर्धा
भाद्रपद

चि. मुक्तास,


तुझे फोटो मिळाले. शेजारच्या पोराकडून मोठ्या पडद्यावर लावून घेतले. पवनारच्या फोटोपाशी आलो आणि पुढे जावेचना. खाली तू लिहिलं आहेस, 'मामा, इथे एक बाई कपडे धूत होती, तिला पुसून टाकलं. आता फोटो कसा स्वच्छ झाला बघ!'

मुक्ता, काठावरची बाई गेली, पण पाण्यातली तशीच राहिली आहे. बापूंच्या स्मारकाच्या छत्रीच्या प्रतिबिंबाच्या डावीकडे नीट बघ. लाल लुगड्याचा उलटा पट्टा, कोपरात वाकलेला हात, हातात पिळलेलं काहीतरी पांढरं. काठावर कुणी नाही आणि पाण्यात बाई. मला ते बघून भरून आलं, आणि तुझा रागही आला.

तू विचारल्या आहेस दोनच गोष्टी. स्तूप राखाडी का आला आणि प्रतिबिंब काळवंडतं का. दोन्ही सांगतो, पण बाईचा विषय मी सोडणार नाही.

आधी स्तूप. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. विश्वशांती स्तूपासारखी पांढरीशुभ्र वास्तू फ्रेमभर घेतलीस की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो उजेड कमी करतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक ते दीड स्टॉप अधिककडे ने. फोनवर असशील तर स्तूपावर बोट दाबून धर आणि सूर्याचं चिन्ह वर सरकव. मात्र हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटू देऊ नकोस. पांढरं एकदा फुटलं की त्यातून काही परत मिळत नाही. आणि भर दुपारी जायचं नाही. चार दिशांना चार बुद्धमूर्ती आहेत, सकाळी पूर्वेची उजळते तेव्हा पश्चिमेची सावलीत असते. कोणती घ्यायची ते आधी ठरव, मग वेळ ठरव. स्तूप मागे कलंडल्यासारखा दिसतो तो कॅमेरा वर उचलल्यामुळे. मागे सरक, कॅमेरा जमिनीशी समांतर धर. खालचं जास्तीचं अंगण आलं तर येऊ दे, नंतर कापता येतं. तिथे मागे सरकायला जागा भरपूर आहे, आळस केलास एवढंच.

आता पाणी. आलेला सगळा उजेड पाणी परत देत नाही, बराचसा आत जातो. पुलावरून खाली बघितलंस तर फारच थोडा परत येतो, म्हणून तुझ्या पहिल्या फोटोत प्रतिबिंबाऐवजी तळातले काळे खडक दिसतात. नजर पाण्याला जितकी लागून जाईल तितकं प्रतिबिंब उजळ. म्हणजे कॅमेरा खाली आण. तरीही ते मूळ वस्तूपेक्षा एखाद्या स्टॉपने गडदच राहतं, आणि तसंच राहायला हवं. वरचा अर्धा भाग गडद असलेला फिल्टर लावायचाच तर एका स्टॉपचा लाव. त्याहून गडद लावून पाण्यातली छत्री वरच्या छत्रीपेक्षा उजळ केलीस तर बघणाऱ्याचा डोळा अडखळतो. आणि तुझ्या बाबांनी दिलेला तो पोलरायझर अशा वेळी काढून ठेवत जा. पाण्यावरची चकाकी मारणं हेच त्याचं काम, तो प्रतिबिंबच खाऊन टाकतो. फोकस छत्रीवर कर, पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर नको.

आणखी एक. पाण्यातली छत्री ही वरच्या छत्रीची नक्कल नसते. तू पाण्याच्या जितकी वर उभी असशील, तितक्याच खोलीवर पाण्याखाली जाऊन बघितल्यावर जे दिसेल ते पाण्यात दिसतं. म्हणून तिथे छताची खालची बाजू दिसते, जी वर दिसत नाही. मला हे कळलं तेव्हा मी धाम नदीच्या काठावर कितीतरी वेळ नुसता वरखाली वाकून बघत बसलो होतो. तुझी आजी काय म्हणाली होती ते तुला ठाऊकच आहे.

पण खाली वाकायचं म्हणजे नदीत उतरायचं नव्हे! तू सहज लिहून टाकलंस, 'गुडघाभर पाण्यात उभी होते.' अगं, भाद्रपदात? त्या खडकांवर शेवाळ धरलेलं असतं, पाय ठेवला की गेलाच. पवनारचे पोट्टे तिथे उड्या मारतात, त्यांना एकेक खळगा माहीत आहे, तुला नाही. वर महाकाळीला धरण आहे. इथे लख्ख ऊन आणि तिकडे पाऊस, असं किती वेळा होतं, आणि मग पाणी बघता बघता चढतं. डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना पायाखालचं कळत नाही. तू एकटी होतीस का? हे तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे एकटीच होतीस.

आता त्या बाईकडे येतो. आपल्या जिल्ह्यात फोटोग्राफीचा धडा फार पूर्वी घालून दिलेला आहे. कनू गांधींनी सेवाग्रामला बापूंचे फोटो काढायचं ठरवलं तेव्हा घनश्यामदास बिर्लांनी कॅमेऱ्यासाठी 100 रुपये दिले, त्यातून रोलिफ्लेक्स आला. बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, मी पोझ देणार नाही, आश्रम पैसे देणार नाही. मातीच्या भिंती, वर कौलं, उजेड येईल तेवढाच. अशा खोल्यांतून त्या माणसाने आयुष्य टिपलं. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून, समोरच्या कामात अडथळा न आणता. बापूकुटीत जाशील तेव्हा भिंतीपाशी उभी राहून बघ, खिडकीतून किती थोडा उजेड येतो. त्या फोटोंमध्ये भांडी घासणारे आहेत, चालणारे आहेत, आजाऱ्याला चोळणारे आहेत. ते पुसले असते तर मागे काय उरलं असतं? कौलं आणि माती.

सार्वजनिक वास्तूचा फोटो माणसाशिवाय खोटा असतो, हे मी तुला दहावीत असल्यापासून सांगतो आहे. आपलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर घे. 1928 साली जमनालालजी बजाजांनी ते दलितांसाठी उघडलं. आदल्या दिवशीचा दगड आणि दुसऱ्या दिवशीचा दगड एकच. कळस तोच, पायऱ्या त्याच. बदललं ते एवढंच की त्या पायऱ्यांवर कोण उभं राहू शकतं. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कुणी माणसं पुसून दोन फोटो काढले असते, तर दोन्ही अगदी सारखे आले असते. वर्ध्यात घडलेली एवढी मोठी गोष्ट त्यात कुठेच दिसली नसती. म्हणून माझा जीव तुटतो. तुमच्या फोनमध्ये एका बोटाने माणूस नाहीसा करायची सोय आली आहे आणि ज्यांना आधीच कुणी बघत नाही तीच माणसं पहिली नाहीशी होतात. झाडणारी, धुणारी, पायरीवर बसून राहिलेली. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या जोडप्याला तू पुसलं नाहीस, ते उजवीकडे झाडाखाली आहे. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

रचनेच्या दृष्टीनेही ती बाई हवी होती. छत्री किती मोठी ते तिच्यामुळे कळत होतं. गीताई मंदिरातल्या शिळांचंही तसंच. त्यांना ना छप्पर ना भिंत, नुसत्या उभ्या शिळा. शेजारी कुणी ओळी वाचत उभं असेल तरच उंची समजते. आणि कोरलेली अक्षरं हवी असतील तर ऊन तिरपं हवं, समोरून पडलेल्या उन्हात ती सपाट होतात.

मार्गशीर्षात ये. पाणी निवळलेलं असतं, सूर्य वर येईपर्यंत वारा नसतो, खडकांमधली डबकी आरशासारखी पडून असतात. प्रतिबिंब असेल तेव्हा काठाची रेघ बिनधास्त मधोमध घे, एकतृतीयांशाचा नियम तिथे लावू नकोस. जमलं तर 12 फेब्रुवारीपर्यंत राहा. 1948 साली त्या दिवशी बापूंच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित केल्या. त्या तारखेला तिथे सर्वोदय मेळा भरतो, काठ माणसांनी भरलेला असतो. कपडे धुणारी कुणी दिसली तर आधी दोन शब्द बोल, काय माय, कुठली तू, असं. ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली ठेवायचा.

महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट आत्ताच काढून ठेव. मी घ्यायला येईन. पायात पट्ट्याच्या, खरबरीत तळाच्या सँडल आण. आणि पाण्यात नेमकी कुठवर गेली होतीस ते खरं खरं कळव. तुझ्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुझा
नानामामा