फियाटचं इंजिन उतरवताना

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झालं, तेव्हा समुद्रापलीकडे कुर्ल्यात पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, अजून तयार होतच होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. उरल्या त्या हौशी लोकांच्या गाड्या. बंदराकाठच्या खाऱ्या हवेत त्या जपायच्या म्हणजे गंजाशी रोजची कुस्ती.

गाडी अडखळायला लागली की मालकाला लगेच इंजिन उतरवायची घाई होते. जाणता मिस्त्री आधी कॉम्प्रेशन तपासतो. ते चारही सिलिंडरांत ठीक असेल, तर 1089 सीसीचं हे साधं इंजिन ट्यूनिंगवरच मार्गी लागू शकतं. क्रम मात्र चुकवायचा नाही: थंड इंजिनवर टॅपेट, मग प्लग, पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. अनेक जण नेमका त्याचाच स्क्रू आधी पिळतात!

उतरवायचंच ठरलं, तर बॅटरी सोडवायची, पाणी-ऑइल काढायचं, बॉनेट आणि रेडिएटर बाजूला करायचे. गंजलेल्या सायलेन्सरच्या नटांना आदल्या रात्रीच तेल पाजायचं. प्रत्येक वायरला चिठ्ठी. मग चेनपुली.

एक कायदेशीर गोमही आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते, पण इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली फियाट त्या मानाला मुकली.