खाऱ्या पाण्याचा पुरावा

डिटेक्टिव्ह सिनेमा म्हटला की काळोख, पाऊस आणि सिगारेटचा धूर डोळ्यांसमोर येतो. रोमन पोलान्स्की यांच्या ‘चायनाटाऊन’ (१९७४) या चित्रपटात मात्र लख्ख ऊन आहे. पाऊस नाही, कारण गोष्टच दुष्काळाची आहे.

१९३७ चे लॉस एंजेलिस. जेक गिटिस हा खासगी डिटेक्टिव्ह पाणीखात्याचा मुख्य इंजिनिअर होलिस मलरे याच्यावर पाळत ठेवतो. हा मलरे कोरड्या नदीपात्रात जाऊन उभा राहतो, अंधार पडेपर्यंत समुद्राकाठी बसतो. तिथे चक्क गोडे पाणी समुद्रात सोडले जात असते. शहर तहानलेले आणि पाणी रात्री फेकायचे! पुढे मलरेचा मृतदेह गोड्या पाण्यात सापडतो, पण फुप्फुसांत खारे पाणी निघते. हे ऐकून मी खुर्चीत ताठच बसलो.

तरी मला सर्वांत आवडला तो जमिनीच्या नोंदींचा भाग. शहराजवळच्या खोऱ्यातील कोरडी जमीन कोणीतरी स्वस्तात विकत घेत आहे. कागदावर मालक म्हणून वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांची नावे आहेत, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. एक मालक तर व्यवहाराच्या आधीच वारलेला! दुष्काळाची भीती दाखवून शहराच्या पैशाने धरण बांधायचे आणि पाणी त्या जमिनीकडे वळवायचे, असा नोआ क्रॉस या श्रीमंत म्हाताऱ्याचा बेत असतो. पिस्तूल घेऊन धावणाऱ्यापेक्षा असा रजिस्टरमधला खलनायक मला जास्त भीतिदायक वाटला. (चित्रपटात एक कौटुंबिक गुपितही आहे, ते आपल्या मासिकात न लिहिलेलेच बरे.)

या कथेमागे खरा इतिहास आहे, फक्त तो आधीचा आहे. विल्यम मुलहोलंड या इंजिनिअरने ओवेन्स खोऱ्यातले पाणी सुमारे ३७५ किलोमीटरवरून शहरात आणले. १९१३ मध्ये कालवा सुरू झाला. कुठेही पंप नाही, सगळे काम उताराचे. नकाशावाचनाच्या तासाला समोच्च रेषांशी झगडणाऱ्या कोणालाही विचारा, ही काय कामगिरी आहे! पण १९२४ मध्ये तिथल्या संतापलेल्या लोकांनी तोच कालवा सुरुंगाने उडवला. १२ मार्च १९२८ च्या रात्री मुलहोलंडचे सेंट फ्रान्सिस धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. चौकशीत त्याने हाताखालच्या कोणावरही दोष ढकलला नाही, स्वतःवर घेतला. सिनेमातल्या मलरेलाही पूर्वी फुटलेले एक धरण विसरता येत नाही, म्हणून तो नव्या धरणाला नकार देतो.

माझी तक्रार एकच आहे. चित्रपटात सगळे पाप एका म्हाताऱ्याच्या माथी मारून मोकळे होता येते. ओवेन्स खोऱ्यात तसे करता येत नाही. तिथे जमीन आणि पाण्याचे हक्क बहुतेक पैसे मोजून, सही-शिक्क्यानिशी घेतले गेले, आणि ते पाणी प्यायले सबंध शहर, ज्यात आमच्याएवढी शाळकरी मुलेही होती. गिटिस आला असता तरी बेड्या कोणाला घालणार होता?

ओवेन्स सरोवर १९२० च्या दशकातच आटले. उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ वाऱ्याबरोबर गावांवर उडत राहिली, आणि लोकांच्या फुप्फुसांत जात राहिली. आता तेच शहर त्या तळाचा काही भाग पाणी सोडून ओला ठेवते, धूळ खाली बसावी म्हणून.