दुधाचाच तर दात!

"दुधाचाच तर दात आहे, पडणारच आहे!" इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावकडच्या घरांतही हेच म्हणत असतील.

गेल्या वर्षी रंगपंचमीच्या रात्री, गेर बघून सगळे दमून झोपलेले, आणि माझी पाच वर्षांची भाची दाढ धरून रडत उठली. आई लगेच लवंगेचं तेल घेऊन आली. दादाने आधी मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तेल नको, लहान मुलांच्या हिरड्या भाजतात आणि ते पोटात जाणं वाईट. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरवा, गालाला बाहेरून गार फडकं लावा, शेक देऊ नका. डोकं उशीवर जरा उंच ठेवा. पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्या, ॲस्पिरिन मुळीच नाही. आणि गाल सुजला, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका.

तीन वाजता गाल डोळ्याखालपर्यंत सुजला, अंग तापलं. आई म्हणाली, "अगं, एवढ्या रात्री लेकराला कुठे नेता?" वहिनी एरवी आईंपुढे बोलत नाही. त्या रात्री शाल घेत एवढंच म्हणाली, "आई, मी निघते. तुम्ही देवाजवळ दिवा लावा." हॉस्पिटलात रात्रीच औषधं सुरू झाली, दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी पू काढला.

त्यांनी नीट समजावलं. दुधाच्या दातावरचं कवच पातळ, त्यामुळे कीड लवकर नसेपर्यंत पोचते. नुसत्या अँटिबायोटिकने दुखणं दबतं, मूळ तसंच राहतं. समोरचे दात सहा-सात वर्षांना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारापर्यंत लागतात. त्या फार आधी काढल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. म्हणून दाढ काढली नाही. नस साफ करून औषध भरलं, वर स्टीलची टोपी बसवली. भाची ती सगळ्यांना "चांदीचा दात" म्हणून दाखवते.

त्या भरायच्या औषधात लवंगेतलाच अर्क असतो, हे ऐकून आईची कळी खुलली. "बघा, आमची लवंग खोटी नव्हती!" मग हळूच म्हणाली, "आमच्या वेळी लवंग नाहीतर पक्कड, एवढंच होतं गं. सून निघाली ते बरं झालं."

तर मंडळी, घरात लहान मूल असेल तर एवढं लक्षात ठेवा: तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास लागला किंवा मूल मलूल पडलं, तर थेट हॉस्पिटल गाठा, कितीही वाजले असोत. नुसती दाढ ठणकत असली तरी दुसऱ्या दिवशी दाखवाच. तुमच्या घरी दाढ दुखली की काय करायचे, तेही लिहा.