कुंदाद्रीची ओढ

जालन्याच्या मोंढ्यात माल, भाव आणि उधारी यांच्या हिशेबात व्यापाऱ्याचा दिवस मावळतो. हंगामाची आवक ओसरली की काही कुटुंबे दक्षिणेच्या यात्रेला निघतात. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचे दर्शन घेऊन त्यांतील काही जण पुढे पश्चिम घाटात, शिवमोग्गा जिल्ह्यातील कुंदाद्री पर्वतावर जातात. आचार्य कुंदकुंदांनी येथे तप केले, अशी श्रद्धा आहे. माथ्यावर भगवान पार्श्वनाथांचे मंदिर, शेजारी जलकुंड आणि खाली नजर पोहोचेल तेथवर अरण्य.

जवळच आगुंबे हे गाव. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आगुंब्यात जवळजवळ त्याच्या दहापट. टँकरची वाट पाहिलेल्या डोळ्यांना हे ओले वैभव भुरळ घालते, यात नवल नाही. परंतु पर्वताची ओढ केवळ हिरवाईची नसते. तेथे काही विकायचे नसते, काही विकत घ्यायचे नसते. परिग्रहाचे ओझे घटकाभर खांद्यावरून उतरते.

मुनिजनांना पर्वत प्रिय झाले ते याच निःसंगतेमुळे. श्रवणबेळगोळची ५७ फुटी मूर्ती नीट न्याहाळावी. पायांपाशी वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प, मांड्यांवर आणि बाहूंवर चढलेल्या वेली. दहाव्या शतकातील शिल्पकाराने तपस्व्यासोबत अरण्यही पाषाणात कोरले. बाहुबलींनी अरण्य हटविले नाही. अरण्यानेच त्यांना आपलेसे केले.

आजचा यात्रेकरू मात्र मोटारीने माथ्याजवळ पोहोचतो. सोबत खाऊची पाकिटे, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि गाण्यांचा गोंगाट. जीवहिंसा टळावी म्हणून साधु-साध्वी ज्या चार महिन्यांत विहार थांबवितात, नेमक्या त्याच महिन्यांत धबधबे पाहण्याची हौस उसळते. पायाला जळू लागली की तिच्यावर मीठ टाकले जाते. ईर्यासमितीचा पाठ घरीच राहतो.

झारखंडमधील सम्मेद शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये यासाठी समाज देशभर रस्त्यावर उतरला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. मागणी न्याय्यच होती. पण जी मर्यादा शासनाकडे मागितली, ती स्वतःच्या सहलीला लावली नाही, तर त्या मागणीचे मोल किती उरते?

व्यापाऱ्याला उधारीचा अर्थ सांगावा लागत नाही. पर्वताकडून मिळालेली शांती हीदेखील उधारीच आहे. ती फेडण्याचे मार्ग साधे आहेत. चातुर्मास संपल्यावर जावे. घरचा डबा आणि स्टीलची बाटली न्यावी. जाताना एक रिकामी पिशवी घ्यावी आणि परतताना आपला कचरा तीतून खाली आणावा. माथ्यावर मुलांना घेऊन एक सामायिक तरी मौनात करावे. एवढे साधले, तर पर्वत जसा मिळाला तसाच पुढच्या यात्रेकरूच्या हाती राहील.