मशीन तापतंय म्हणून माझ्याकडे येताय, पण खाडी कुणाकडे न्यायची?

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या होडीला आउटबोर्ड मशीन आहे त्यांनी वाचाच, आणि ज्यांचा होडीशी काडीचाही संबंध नाही त्यांनी तर नक्की वाचा.

१ जून ते ३१ जुलैची बंदी उठली की पहिल्या पंधरा दिवसांत माझ्याकडे एकच तक्रार येते. मशीन तापतं, बजर वाजतो, रेस आपोआप पडते. घेऊन येणाऱ्याने कारणही ठरवलेलं असतं. ऑइल खराब, पेट्रोलमध्ये भेसळ, नाहीतर मशीनच डुप्लिकेट. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा, सगळीकडची मशिनं मी खोलली आहेत. दहातल्या बऱ्याच वेळा मशीनचा काही दोष नसतो.

आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ते ज्या पाण्यात चालतं त्याच पाण्याने थंड होतं. खाली गिअरकेसच्या दोन्ही अंगाला जाळ्या असतात, तिथून पाणी आत ओढलं जातं. वर रबराच्या पाकळ्यांची एक चकती फिरते, तिला इम्पेलर म्हणतात. ती पाणी वर ढकलते, ते इंजिनभोवती फिरतं आणि धुराबरोबर खाली निघून जातं. त्यातलंच थोडं पाणी मागून बारीक धारेने बाहेर पडतं. मशीन चालू असताना दर थोड्या वेळाने मागे वळून ही धार बघायची सवय ज्याला आहे, त्याचं मशीन सहसा जळत नाही.

धार बारीक झाली की बजरची वाट बघू नका. रेस कमी करा, मशीन बंद करा आणि आधी नांगर टाका, मशीनकडे नंतर बघा. मग मशीन वर उचलून जाळ्या तपासा. दहापैकी सात-आठ वेळा तिथे पिशवी चिकटलेली सापडेल. ती काढल्यावर धार जोरात आली तर विषय संपला. नाही आली तर धारेच्या भोकात तंगूस हलक्या हाताने सारून बघा. बंदीचे दोन महिने मशीन पडवीत टांगून ठेवलं की कुंभारीण त्या भोकात मातीचं घर बांधते. हसू नका, मी स्वतः काढली आहेत.

भोक मोकळं आणि जाळीही स्वच्छ, तरी धार मरतुकडी, तर इम्पेलर गेला. आपल्या खाडीचं पाणी गढूळ. ओहोटीला उथळात मशीन चालवलं की रेती आणि चिखल आत जातो आणि रबर झिजतं. शिवाय जाळीवर पिशवी असताना तो कोरडा फिरला तर फार वेळ टिकत नाही. एक गोष्ट मात्र नवशिके मेकॅनिक विसरतात. पाकळी तुटली असेल तर तिचा तुकडा शोधून काढलाच पाहिजे. तो वर जाऊन पाण्याच्या वाटेत अडकतो. नवीन इम्पेलर टाकून तुकडा आत ठेवलात तर आठ दिवसांनी परत माझ्याकडेच याल. आणि धार जोरदार असूनही मशीन तापत असेल तर थर्मोस्टॅट बघा, किंवा आत मीठ साचलंय असं समजा. तापलेल्या इंजिनवर वरून थंड पाणी मात्र कधी ओतू नका, हेड वाकतं.

मिठावर उपाय एकच. किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवायचं. आता घरात हंडे मोजून भरायचे आणि मशीनला पिंपभर गोडं पाणी द्यायचं म्हटलं की बायका ओरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्यांच्या वाडीत अजून बावखल शिल्लक आहे ते नशीबवान. बाकीच्यांची बावखलं कुठे गेली त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.

हे झालं मशीनचं. माझ्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. जाळीतून आणि पंख्यातून जे निघतं ते मी त्यात टाकतो. डब्यात सगळ्यात जास्त काय आहे माहीत आहे? दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. सकाळी कात्रीने टक् करून उडवतो ना, तेच. मग गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलचे मणी, नायलॉनचा दोरा, आणि हारफुलांसकट गाठ मारलेल्या पातळ पिशव्या. आपल्याकडे राज्याची प्लॅस्टिकबंदी २३ मार्च २०१८ ची आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर केंद्राची बंदी १ जुलै २०२२ ची. डबा दोन्हींच्या नंतर भरलेला आहे.

हे सगळं वसईकरांचंच आहे असं नाही. उल्हास नदी बदलापूर, कल्याण करत शेवटी आपल्याच खाडीतून समुद्राला मिळते. वाटेतल्या शहरांचं सगळं घेऊन येते. त्यात आपले नाले भर घालतात. आणि वरून भाईंदर-नायगावचा रेल्वे पूल. लोकलच्या दारातून निर्माल्य भिरकावलं की पुण्य मिळतं असं मानणारे रोज आहेत. पाणजूच्या लोकांना विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या एका तरुणाला पुलावरून पायी जाताना गाडीतून फेकलेला नारळ लागला आणि त्यात त्याचा जीव गेला. नारळाची बातमी झाली. पिशवीची होत नाही, पण तीही माणसाला तिथवर नेऊ शकते.

गेल्या सीझनला एक तांडेल काका मशीन घेऊन आले. पौर्णिमेनंतरचं उधाण, ओहोटी जोरात, बरोबर पुतण्या. पुलाच्या अलीकडे मशीन बंद पडलं. होडी आडवी होऊन खांबाकडे जायला लागली. नांगर तयार होता म्हणून वाचले, नाहीतर खांबावर आपटले असते. मी जाळी दाखवली. पिशवी अजून तशीच चिकटलेली होती, आत सुकलेला झेंडू.

मी म्हटलं, "काका, मशीन ठणठणीत आहे."

ते म्हणाले, "मशीन तू बघितलंस रे बाबा. खाडी कुणाकडे दुरुस्तीला नेऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो चालू आहे, चांगली सोय आहे, मीही जातो. पण जलवाहतूक म्हटलं की सगळ्यांना तेवढीच बोट दिसते. त्याच पाण्यात पहाटे एकट्याने जाणारी छोटी होडी कुणाच्या हिशोबात नाही.

किनारा सफाईचे फोटो मी लाइक करतो, टोमणा नाही. पण वाळूवरची पिशवी उचलून जाळीतली कमी होत नाही. नाले जिथे खाडीला मिळतात तिथे अडवणी जाळ्या लागल्या पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे त्या नियमित रिकाम्या झाल्या पाहिजेत. पावसाआधी एकदा नाही, वर्षभर. पुलावरच्या पादचारी वाटेच्या आणि रुळांच्या कडेला उंच जाळी हवी. आणि तिसरं, सगळ्यात स्वस्त. आमची पोरं जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक होडीत भरून परत आणतात, पण बंदरावर ते टाकायला जागाच नाही. घंटागाडी गल्लीपर्यंत येते, धक्क्यापर्यंत येत नाही. यासाठी दोनदा अर्ज दिला, पोच मिळाली, गाडी नाही आली. शेवटी ते प्लॅस्टिक धक्क्यावर पडतं आणि पुढच्या भरतीला परत खाडीत.

तिसरा अर्ज पुढच्या आठवड्यात देतोय, या वेळी डबा सोबत घेऊन. तुमच्या मशीनमधून काय निघालं त्याचा फोटो, जागा आणि तारीख कमेंटमध्ये टाका. प्रिंट काढून अर्जाला जोडतो. आणि सह्यांसाठी रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी धक्क्यावर आहे, होडी नसलेले पण या.