गडी वाटताना

2019 मध्ये मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गेम कंपनीत लागले. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, मोबाइल गेमशी संबंध भाच्यापुरता. आमचा खेळ तीन विरुद्ध तीन असा नेमबाजीचा होता, चार-पाच मिनिटांत निकाल लागणारा. तेव्हा लोकलमध्ये, कट्ट्यावर, कॉलेजच्या जिन्यात जो तो पबजी खेळत असे. शंभर जणांची ती लढाई चांगली अर्धा तास चालायची. आमचे तेवढ्या वेळात पाच सामने होत, आणि आपलं गिऱ्हाईक लोकलमध्येच बसलंय असं मालकांचं ठाम मत होतं.

माझ्याकडे आलं ते मॅचमेकिंगचं काम. रांगेत सहा अनोळखी माणसं आली की त्यांच्या दोन टीम पाडायच्या, एवढंच. पण सकाळी तक्रारींची फाइल उघडली की एकच ओरड असायची: माझ्याच वाट्याला सगळे लिंबूटिंबू का येतात? कल्याणचा एक मुलगा तर हरलेल्या प्रत्येक सामन्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, आणि ज्याच्यामुळे हरलो त्या भिडूच्या नावाभोवती लाल गोल काढलेला असायचा. जिंकलेल्या सामन्याचा स्क्रीनशॉट त्याने कधी पाठवला नाही.

आमची पद्धत बुद्धिबळातल्या एलो रेटिंगवर बेतलेली होती. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने ती बसवली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये ती स्वीकारली. दोघांत 200 गुणांचं अंतर असेल तर वरच्याने चारातले तीन डाव मारावेत, 400 असेल तर अकरातले दहा, असा हिशेब. पण बुद्धिबळात समोरासमोर दोनच माणसं असतात. आमच्याकडे तिघांची सरासरी काढली जायची. एका बाजूला 1800, 1200, 1200 आणि दुसऱ्या बाजूला 1400 चे तिघं. दोन्हीकडे सरासरी 1400, म्हणजे कागदावर बरोबरी. प्रत्यक्षात 1200 वाले दोघं पहिल्या मिनिटात गारद व्हायचे आणि 1800 वाला एकटा तिघांच्या तावडीत सापडायचा. मग तो त्या दोघांच्या नावाभोवती लाल गोल काढणार नाही तर काय करणार!

आमचे टीमलीड नौपाड्यातल्या चाळीत वाढलेले. हे आकडे त्यांना दाखवले तर म्हणाले, "अगं, गल्लीत आम्ही सरासरी काढायचो का? दोन कप्तान, एकाने एक गडी मागितला की दुसऱ्याने दोन मागायचे, मग पहिल्याने दोन. उरलेला शेवटचा दुसऱ्याला."

म्हटलं, "आणि सर, फारच लहान पोर असेल तर?"

"तो कच्चा लिंबू. त्याला आउटच नाही."

मी तेच लिहून काढलं. सहा जणांना गुणांप्रमाणे ओळीने लावायचं. पहिला, चौथा, पाचवा एका टीममध्ये, बाकीचे दुसऱ्या. आणि त्याआधी एक अट, की सहांमधला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांच्यात ठरावीक अंतराहून जास्त फरक नको. कच्च्या लिंबांसाठी सुरुवातीच्या काही सामन्यांची रांगच वेगळी केली, तिथे हरल्यावर गुण जात नव्हते. अंतराची अट मात्र महाग पडली. रात्री नऊ-दहाला रांगेत माणसांचा तोटा नसे, पण पहाटे तीनला तसे सहा जण मिळायचे कुठून? मार्केटिंगवाले म्हणत, पंधरा सेकंदांत खेळ सुरू झाला नाही तर पोरगं ॲप बंद करतं. मी म्हणे, वाईट सामना खेळलं तर ॲप काढूनच टाकतं. शेवटी दर काही सेकंदांनी अंतर थोडं थोडं सैल करायचं ठरलं. दोन्ही बाजू नाराज राहिल्या, त्यामुळे ते बरोबर असावं असं मला वाटतं.

सकाळच्या सामन्यांबद्दलच्या एका वेगळ्याच तक्रारीचा उलगडा ऑफिसात झाला नाही. साडेआठ ते दहाच्या दरम्यान भिडू मध्येच गायब होतो, दोघांनाच लढावं लागतं, असं बरेच जण लिहायचे. सर्व्हर तपासून झाले, काही सापडलं नाही. मी डोंबिवलीहून फास्ट लोकलने यायची. एकदा लेडीज डब्यात दाराजवळ कॉलेजच्या दोन मुली आमचाच खेळ खेळत होत्या. मुंब्र्याच्या डोंगराशी गाडी आली तशी एक ओरडली, "झालं, आला बोगदा! आता शिव्या पडणार मला." पारसिकचा तो बोगदा 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब, आणि तेव्हा फास्ट लोकल त्यातूनच जात. आत शिरलं की नेटवर्क गुल. आमच्या खेळात मिनिटभर गायब होणं म्हणजे सामन्याचा पाचवा हिस्सा. आमचे पुष्कळ खेळाडू मध्य रेल्वेच्या पट्ट्यातलेच होते, कारण जाहिरात आम्ही इथल्याच कॉलेजांमधून केली होती.

ऑफिसात सांगितलं तेव्हा आधी सगळे हसले. मग दोन गोष्टी केल्या. नेटवर्क गेलेल्याला परत यायला दीड मिनिट द्यायचं, तोवर त्याच्या जागी संगणकाने खेळायचं. आणि कोणी आलंच नाही, तर मागे राहिलेल्या दोघांचे गुण कापायचे नाहीत. मार्च 2020 मध्ये लोकल बंद झाल्या आणि सकाळची ती तक्रार फाइलमधून नाहीशीच झाली. माझं म्हणणं खरं होतं याचा एवढा पक्का पुरावा एरवी कुठून मिळाला असता!

त्या सप्टेंबरात वेगळंच संकट आलं. 2 तारखेला सरकारने पबजीसह 118 ॲपवर बंदी घातली आणि आमच्या दारात गर्दी लोटली. खातं नवं, पण हात तयार. आमच्या लेखी सगळ्या नव्यांचे गुण सारखेच, त्यामुळे हे मुरलेले गडी खऱ्याखुऱ्या नवशिक्यांच्या रांगेत घुसून त्यांचा भुगा करू लागले. इथे मार्क ग्लिकमनची 1995 ची पद्धत उपयोगी पडली. ती खेळाडूच्या गुणांसोबत दुसराही एक आकडा ठेवते, की या गुणांची आपल्याला खात्री किती. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी केलेली ट्रूस्किल याच विचाराची, तीही टीमसाठी. नव्या माणसाबद्दल खात्री कमी, म्हणून त्याचे गुण एकेका सामन्यात मोठ्या उड्या मारतात; जुन्याचे मुंगीच्या पावलांनी हलतात. मुरलेले गडी चार-सहा सामन्यांत वर निघून जाऊ लागले.

कल्याणच्या मुलाचं काय? त्याचे सामने मी काढून पाहिले. आता तो निम्मे जिंकत होता, निम्मे हरत होता, आणि तरीही चिडलेला होता. त्याचं म्हणणं, कंपनी मुद्दाम सलग पाच सामने हरवते. त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. बरोबरीच्या माणसांशी दिवसाला 20 सामने खेळलास, तर सलग पाच हरण्याची पाळी साधारण चार दिवसांतून एकदा येणारच. नाणं उडवून बघ. त्याने नाणं उडवलं की नाही माहीत नाही. उत्तर आलं ते एका ओळीचं: "मग मला निम्म्यापेक्षा जास्त जिंकवा ना ताई."

एक गुंता मात्र सुटला नाही. काही खात्यांचे गुण दुपारी चढायचे आणि रात्री कोसळायचे. मला आधी लबाडीचा वास आला. मग फोन करून विचारलं, तर उल्हासनगरच्या एका घरी दोन भाऊ एकाच मोबाइलवर, एकाच खात्यातून खेळत होते. थोरला कॉलेजचे तास संपल्यावर, धाकटा अभ्यास झाल्यावर. लॉकडाऊनमध्ये शाळेचे वर्गही त्याच मोबाइलवर. अशी घरं पुष्कळ निघाली. आम्ही एका फोनवर दोन नावं ठेवायची सोय दिली, खेळाआधी कोण खेळतंय ते निवडायचं. धाकटे थोरल्याचंच नाव निवडत.